शोध आपला, पेटंट कोणाचे?

प्रत्येक जुन्या शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात एखादे तरी असे हत्यार असते, जे कोणत्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. कोठे रिट्रॅक्टरचे पाते वाकवून घेतलेले असते, कोठे पकडीला लेथवर खाच पाडलेली असते, तर कोठे सलाइनची नळी आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांचे लग्न लावलेले असते. सिस्टर मंडळींना ते ‘सरांचे हत्यार’ म्हणून ठाऊक असते. सर निवृत्त होतात, नवी पिढी नवे संच घेऊन येते आणि सरांचे हत्यार भंगारात जाते. त्याबरोबर वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवातून सुचलेली एक कल्पनाही जाते.

आम्हा बेळगावकरांना तर या बाबतीत दैवाने झुकते माप दिले आहे. उद्यमबागेत फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत आणि कागदावरची रेघोटी पाहून ‘डॉक्टर, हे असे नको, तसे करू या’ असे सांगणारे कारागीर आहेत. डॉक्टरची अडचण आणि कारागिराचा हात इतक्या जवळ फार थोड्या गावांत नांदतात. असे असूनही आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी पेटंटचा अर्ज केलेले किती, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. पेटंटला सरकारी मराठीत ‘एकस्व’ म्हणतात. हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांची प्रतिक्रिया दोहोंपैकी एक असते. एक तर ‘ते मोठ्या कंपन्यांचे काम’, नाही तर ‘वैद्यकात कसले आले पेटंट, आपण काय व्यापारी आहोत?’ या दोन्ही समजुती मला चुकीच्या वाटतात, आणि त्यांची किंमत आपण मोजत आलो आहोत. मी वकील नाही. छत्तीस वर्षे शस्त्रक्रिया करणारा एक सर्जन आहे. दोन सहकाऱ्यांच्या अर्जांच्या निमित्ताने या कायद्याशी जवळून परिचय झाला, त्या आधारावर हे लिहीत आहे.

प्रथम आमच्या एका अस्थिशल्यविशारद मित्राची हकीकत सांगतो. नाव देण्याचे कारण नाही. लहान मुलांच्या कोपराजवळच्या अस्थिभंगात तारा योग्य कोनातून घालण्यासाठी त्याने एक छोटा मार्गदर्शक साचा तयार केला. उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये चार वेळा तो बनवला, चार वेळा मोडला, आणि पाचव्या वेळी तो मनासारखा जमला. मित्राने एका परिषदेत स्लाइड्सह निबंध वाचला, परिषदेच्या पुस्तिकेत गोषवारा आणि छायाचित्र छापून आले. निबंधानंतर शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या एका उत्पादकाचा प्रतिनिधी भेटला. त्याने तोंडभरून स्तुती केली आणि ‘साहेबांना दाखवतो’ म्हणून एक नमुना नेला. दीड-पावणेदोन वर्षांनी त्याच उत्पादकाच्या रंगीत कॅटलॉगमध्ये तो साचा झळकला. किंमत उद्यमबागेतील खर्चाच्या कित्येक पट होती. मित्र वकिलाकडे गेला. वकिलाने दोनच प्रश्न विचारले: ‘परिषद कोणत्या तारखेला होती? आणि अर्ज कोणत्या तारखेला केला?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेवर छापलेलेच होते. दुसऱ्याला उत्तरच नव्हते.

पेटंटच्या कायद्याचा सगळा डोलारा नावीन्यावर उभा आहे. अर्जाच्या दिनांकापूर्वी ती गोष्ट जगात कोठेही छापली गेली असेल, तर ती नवी नाही, आणि छापणारा स्वतः शोधकर्ता असला तरी फरक पडत नाही. आपला १९७० चा पेटंट कायदा या बाबतीत थोडा दयाळू आहे. त्याच्या ३१ व्या कलमानुसार, शोधकर्त्याने एखाद्या विद्वत्सभेपुढे निबंध वाचला किंवा त्याच्या संमतीने तो त्या सभेच्या वृत्तान्तात प्रसिद्ध झाला, तर त्यानंतर बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. पण ‘विद्वत्सभा’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कायद्यात नाही. आपल्या मंडळाची मासिक सभा त्यात बसेल का? ही स्मरणिका बसेल का? हा वाद न्यायालयात जिंकण्याची हौस असणाऱ्यानेच या सवलतीवर विसंबावे. शिवाय ही सवलत आपल्या देशापुरती आहे. अमेरिकेत शोधकर्त्याच्या स्वतःच्या प्रसिद्धीला एक वर्षाची मुभा मिळते, पण युरोपमध्ये अशी सर्वसाधारण मुभाच नाही. तेथे आज निबंध वाचला आणि उद्या अर्ज केला, तरी उशीर झालेला असतो. आमच्या मित्राचे बारा महिने केव्हाच उलटून गेले होते.

या हकीकतीला दुसरी बाजूही आहे. त्या उत्पादकालाही त्या साच्याचे पेटंट घेता येणार नव्हते, कारण पुस्तिकेतील गोषवारा त्याच्याही आड आला असता. छापलेला शब्द दोन्ही बाजूंनी कापतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण हळदीचे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर, या ‘शोधाला’ १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे होते, आणि शोधकर्ते दोघेही भारतीय वंशाचे होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान म्हणून स्वीकारले. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या शेजारच्या गोव्यातील माशेलचे. आजीबाईचा बटवा हा पुरावा म्हणून अमेरिकन पेटंट कार्यालयात चालत नाही, तेथे छापील कागद लागतो. परिषदेने संस्कृत ग्रंथांतील उतारे दिले, आणि त्यांबरोबर इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक निबंधही दिला. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कोणा डॉक्टरांनी आपले निरीक्षण नीट लिहून छापले, म्हणून ते एवढ्या उपयोगी पडले. वैद्यकीय नियतकालिके रद्दीत घालण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी, असे मी तरुण सहकाऱ्यांना गमतीने सांगतो.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. ज्याला आपला शोध जगाला मोफत द्यायचा आहे, त्याने तो संपूर्ण तपशिलासह, आकृत्या देऊन, तारखेनिशी छापावा. मग त्यावर कोणाची मालकी बसणार नाही. ज्याला त्यावर हक्क ठेवायचा आहे, त्याने आधी अर्ज करावा आणि मगच तोंड उघडावे. दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. आपण डॉक्टर मंडळी मात्र बहुधा तिसऱ्याच मार्गाने जातो. अर्धेमुर्धे सांगतो, नमुना कोणाच्या तरी हाती देतो, अर्ज करीत नाही आणि पूर्ण तपशीलही छापत नाही. अशा वेळी दुसऱ्याने किरकोळ बदल करून स्वतःच्या नावे अर्ज केला, तर ‘हे मूळ माझे’ हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. चोरलेल्या शोधाच्या अर्जाला विरोध करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण चोरी शाबीत करायला कागद लागतात. आणखी एक भाबडी समजूत अजून ऐकू येते. आपल्या शोधाचे वर्णन लिहून ते स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचे आणि पाकीट न उघडता ठेवायचे, म्हणजे शोध सुरक्षित! पोस्टाच्या शिक्क्याने पेटंटचा हक्क मिळत नाही. तो पेटंट कार्यालयातील अर्जाच्या दिनांकापासून मोजला जातो.

आता नीतीच्या आक्षेपाकडे वळतो, कारण माझ्या मते खरी अडचण तेथे आहे. रुग्णाच्या दुःखावर मक्तेदारी कशी सांगायची, असा प्रश्न संवेदनशील डॉक्टरला पडतो, आणि तो पडायलाही हवा. परंतु पेटंटच्या अगोदर काय होते, हे आपण विसरतो. पेटंटच्या अगोदर गुपित होते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये चेंबरलेन नावाचे एक घराणे होते. प्रसूतीचा चिमटा त्यांना गवसला होता. अडलेल्या बाळंतिणीची सुटका करणारे हे साधन त्या घराण्याने शंभराहून अधिक वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या, कुटुंबाबाहेर जाऊ दिले नाही. पुढे १८१३ मध्ये एसेक्समधील त्यांच्या जुन्या घराच्या जमिनीच्या फळ्यांखाली त्यांची मूळ हत्यारे सापडली. दरम्यानच्या काळात या चिमट्यावाचून किती माता आणि अर्भके दगावली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पेटंट हा या गुपितावरचा उतारा आहे. ‘तुझा शोध इतका स्पष्ट लिहून दे की त्या विषयातील जाणकाराला तो बनवता आला पाहिजे; त्या बदल्यात ठरावीक वर्षे तुझ्या परवानगीवाचून तो कोणी बनवणार नाही,’ असा समाजाने शोधकर्त्याशी केलेला तो करार आहे. आपल्या देशात ही मुदत अर्जाच्या दिनांकापासून वीस वर्षांची आहे. नंतर तो शोध सर्वांचा होतो.

शिवाय पेटंट घेणे आणि नफेखोरी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा दाखला वैद्यकाच्या इतिहासातच आहे, आणि तो इन्सुलिनचा आहे. १९२३ मध्ये बॅन्टिंग, बेस्ट आणि कॉलिप यांना अमेरिकन पेटंट मिळाले, आणि त्यांनी ते टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला विकून टाकले. बॅन्टिंग यांचा तर डॉक्टर म्हणून स्वतःचे नाव पेटंटवर घालायलाच विरोध होता. मग पेटंट घेतलेच का? दुसऱ्या कोणी ते घेऊन दार बंद करू नये, म्हणून. औषध कोणी बनवायचे आणि ते कसोटीला उतरते की नाही, हे ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाच्या हाती राहिला. पुढे नवनव्या इन्सुलिनांचे भाव अमेरिकेत आकाशाला भिडले, ही शोकान्तिका खरी; पण तो दोष त्या एका डॉलरच्या व्यवहाराचा नव्हे. पेटंट हातात असणारा डॉक्टर उत्पादकाला सांगू शकतो, ‘इतक्याच किमतीला विकणार असाल तरच परवाना देतो.’ पेटंट नसणारा डॉक्टर कॅटलॉग चाळत बसतो. जयपूर फूटचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांचा कृत्रिम पाय १९६८ च्या सुमारास उभा राहिला. त्यांनी पेटंटच्या वाटेला न जाता ती विद्या सर्वांना खुली ठेवली. त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण दान देण्यासाठीही आधी वस्तू आपली असावी लागते.

नीतीचा प्रश्न कायद्यानेही टाळलेला नाही, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात कोणत्या गोष्टी ‘शोध’ मानल्या जाणार नाहीत याची यादी आहे. त्यात माणसांवर करावयाच्या उपचाराची, शस्त्रक्रियेची, रोगप्रतिबंधाची आणि निदानाची प्रक्रिया स्पष्टपणे वगळली आहे. म्हणजे छेद कसा घ्यावा, टाका कसा घालावा, औषध किती वेळाने द्यावे, यांचे पेटंट भारतात मिळत नाही. तो छेद घेण्यासाठी तुम्ही घडवलेल्या हत्याराचे मात्र मिळू शकते. ही सीमारेषा मला अत्यंत शहाणपणाची वाटते. अमेरिकेत ती नव्हती, तेव्हा काय घडले पाहा. डॉ. सॅम्युअल पॅलिन या नेत्रशल्यविशारदांनी मोतीबिंदूच्या बिनटाक्याच्या छेदावर १९९२ मध्ये पेटंट मिळवले, आणि पुढच्याच वर्षी त्या पद्धतीवरून व्हर्मांटमधील डॉ. जॅक सिंगर यांच्यावर दावा लावला. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला ‘माझ्यासारखा छेद घेतलास, पैसे टाक’ म्हणतो आहे, हे दृश्य वैद्यकीय जगाला सहन झाले नाही. १९९६ मध्ये पॅलिन यांचे दावे न्यायालयात टिकले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने, डॉक्टरने केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल त्याच्याकडून पेटंटची भरपाई मागता येणार नाही, अशी दुरुस्ती केली.

तिसऱ्या कलमात आणखी एक अडसर आहे. माहीत असलेल्या औषधाचा केवळ नवा उपयोग शोधला, तर त्याचे पेटंट मिळत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे जुने औषध वापरून कोकणात किती जीव वाचवले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. १९८६ मध्ये तो अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या कायद्याखाली त्या ज्ञानाचे पेटंट मिळाले नसते, आणि मिळू नये असेच माझे मत आहे. तसेच दोन माहीत असलेल्या औषधांचे निव्वळ मिश्रण, ज्ञात उपकरणांची नुसती जुळवाजुळव आणि परंपरागत ज्ञान यांनाही येथे थारा नाही. ‘मी काढ्याचे पेटंट घेणार आहे’ असे म्हणणाऱ्या आयुर्वेदाच्या मित्रांनी हे कलम आधी वाचावे.

मग आपल्यासारख्या स्वतंत्र, कंपनीचे पाठबळ नसलेल्या माणसाने करायचे तरी काय? आधी शोध घ्यावा की आपली कल्पना खरोखर नवी आहे का. भारतीय पेटंट कार्यालयाचा संगणकीय शोधसंग्रह, युरोपचा एस्पासनेट आणि गूगल पेटंट्स हे तिन्ही विनामूल्य आहेत. एका रविवारच्या दुपारी निम्म्या कल्पना येथेच गळून पडतात, आणि ते चांगलेच असते. उरलेल्यांसाठी आपल्या कायद्यात एक सोयीची तरतूद आहे, प्रोव्हिजनल अर्थात तात्पुरत्या विवरणाची. हत्यार अजून सुधारत असले, तरी त्याचे वर्णन आणि आकृत्या देऊन अर्ज दाखल करता येतो. त्या दिवसाची तारीख आपली होते, आणि पूर्ण विवरणपत्र देण्यासाठी बारा महिने मिळतात. व्यक्तीच्या नावे संगणकावरून अर्ज केल्यास आजच्या दराने सरकारी फी फक्त १,६०० रुपये आहे. आपल्या परिषदांच्या नोंदणी शुल्कापेक्षा ही रक्कम पुष्कळच कमी आहे! मात्र तात्पुरते विवरण म्हणजे चार ओळींची चिठ्ठी नव्हे. ज्या गोष्टीचा त्यात उल्लेख नाही, तिला ती तारीख मिळत नाही. म्हणून मनात असलेले सगळे पर्याय त्यात उतरवावेत: पाते वाकडे असेल तर, पोलाद न वापरता प्लॅस्टिक वापरले तर, मुलांऐवजी प्रौढांसाठी केले तर.

पूर्ण विवरणपत्रात ‘दावे’ असतात, आणि सारा जीव त्या दाव्यांत असतो. आपल्या शोधाची हद्द नेमकी कोठून कोठपर्यंत, हे ते सांगतात; शेताच्या चतुःसीमेसारखे. हे लिहायला अनुभवी पेटंट एजंट घ्यावा, असा माझा आग्रह आहे. त्याची फी सरकारी फीच्या अनेक पट होते, पण येथे केलेली काटकसर पुढे फार महागात पडते. दावा अरुंद केला तर शेजारी स्क्रूची जागा बदलून निसटतो. फार रुंद केला तर परीक्षक तो फेटाळतो. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणासाठी वेगळी विनंती करावी लागते. तिची फी व्यक्तीला ४,००० रुपये आहे, आणि २०२४ च्या नव्या नियमांनंतर तिची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आली आहे. ही विनंती विसरल्याने अर्ज मेल्याची उदाहरणे आहेत. परीक्षकाचा पहिला अहवाल हमखास आक्षेपांनी भरलेला येतो. तो पाहून खचू नये. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ शंका काढतो तसेच ते असते. उत्तराला सहा महिने असतात, आणि बरेच हौशी अर्जदार याच टप्प्यावर गप्प बसून हक्क घालवतात. आपल्या भगिनी डॉक्टरांसाठी एक विशेष गोष्ट: अर्जदारांत स्त्री असेल, तर जलद परीक्षणाची विनंती करण्याची सवलत आहे.

कार्यालय कोणते, हाही आम्हा सीमाभागातील लोकांना पडणारा प्रश्न. कर्नाटक चेन्नईच्या कार्यालयाकडे, आणि महाराष्ट्र, गोवा, गुजरात व मध्य प्रदेश मुंबईकडे. त्यामुळे कोगनोळीच्या नाक्याअलीकडील निपाणीच्या डॉक्टरचा अर्ज चेन्नईला जातो, तर नाक्यापलीकडील कागलच्या डॉक्टरचा मुंबईला. आमच्या हैदराबादच्या मराठी बांधवांचाही चेन्नईलाच. अर्ज संगणकावरून होत असल्याने आता याचा त्रास उरलेला नाही; निदान या एका बाबतीत तरी सीमाप्रश्न सुटला म्हणायचा. परदेशात पेटंट हवे असेल, तर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते किंवा पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि परदेशी अर्ज बारा महिन्यांच्या आत केला तर आपली पहिली तारीख तेथेही टिकते. जगभरासाठी एकच पेटंट असे काही अस्तित्वात नाही. प्रत्येक देशाचा खर्च वेगळा आणि मोठा असतो. हत्यार कोणत्या देशात खरोखर विकले जाईल याचा थंड डोक्याने विचार न करता मानापोटी परदेशी अर्ज करणे, हे मला दिवाळे काढण्याचे लक्षण वाटते.

कारागिराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपण सांगितले तसे त्याने बनवले, तर तो निर्माता, शोधकर्ता नव्हे. पण ‘डॉक्टर, येथे स्प्रिंग घालू या’ हे त्याला सुचले आणि त्या स्प्रिंगमुळेच हत्यार चालले, तर त्याचे नाव अर्जावर शोधकर्ता म्हणून आलेच पाहिजे. हे कायद्यानेही आवश्यक आहे आणि माणुसकीनेही. जयपूर फूटच्या कथेत रामचंद्र शर्मांचे नाव कितीदा गाळले जाते, ते आठवा. संयुक्त पेटंटात दुसऱ्याच्या संमतीवाचून एकाला परवाना देता येत नाही, म्हणून वाटे आणि अधिकार पहिल्याच दिवशी लेखी ठरवावेत. गोपनीयतेचा करारही तेव्हाच करावा, म्हणजे नमुना बाहेर जाण्याचे भय राहणार नाही. आपण कोणाच्या नोकरीत असाल, तर नेमणुकीच्या अटी तपासाव्यात. वैद्यकीय महाविद्यालयांतील तरुणांनी तर विशेषकरून, कारण संस्थेच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामावर संस्थेचा हक्क असू शकतो.

इतके करून पेटंट मिळाले म्हणजे सर्व मिळाले, असे मात्र नाही. पेटंट म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. तेथील परवानगी वेगळी घ्यावी लागते, नीतिसमितीही आहेच. पेटंट म्हणजे पहारेकरीही नव्हे. कोणी नक्कल केली, तर सरकार धावून येत नाही, आपणच दावा लावायचा असतो. आणि पेटंट म्हणजे पैसा तर नव्हेच. मुंबईचे डॉ. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांच्या नावावर देशोदेशींची पेटंटे होती, दादाभाई नौरोजींसारख्यांचा पाठिंबा होता. तरीही टाइप पाडण्याच्या त्यांच्या यंत्राला पुरेसे भांडवल मिळवण्यात उमेद खर्ची पडली. पेटंट वीस वर्षे जिवंत ठेवायला व्यक्तीला आजच्या दराने एकूण ७६,८०० रुपये नूतनीकरण फी पडते. पहिल्या वर्षांत ती ८०० रुपये असते, शेवटच्या पाच वर्षांत दरवर्षी ८,०००. वाढत्या फीचा हेतू उघड आहे: जे पेटंट उपयोगाचे राहिले नाही, ते सोडून द्यावे. ज्यांचे नावीन्य केवळ आकारात आणि दिसण्यात आहे, त्यांना २००० च्या कायद्याखाली डिझाइनची नोंदणी पुरते. ती दहा वर्षांची असते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. ती कार्याचे रक्षण करीत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. जर्मनी आणि चीनमध्ये छोट्या सुधारणांसाठी हलक्या अटींचे ‘लघुपेटंट’ आहे. आपल्याकडे ते नाही. डॉक्टर आणि लेथवाला मिळून जे करतात, ते बहुतांशी याच जातीचे असते. म्हणून ही उणीव मला खटकते. डॉक्टरांच्या संघटनांनी सरकारकडे कधी काही मागायचे असेल, तर माझ्या यादीत हे वरच्या क्रमांकावर आहे.

आपल्या मंडळापुढे मात्र मी लहानशी मागणी ठेवतो. वार्षिक परिषदेसाठी निबंधाचा गोषवारा मागवताना त्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी: ‘यात नवे उपकरण आहे काय? असल्यास अर्ज दाखल झाला आहे काय?’ उत्तर नकारार्थी आले, तर कार्यवाहांनी त्या सभासदाला फोन करावा आणि त्याची इच्छा असेल तर गोषवारा छापण्यापूर्वी त्याला सहा आठवड्यांची सवड द्यावी. ज्यांना अर्ज करायचाच नाही, त्यांचे संपूर्ण वर्णन आकृत्यांसह या स्मरणिकेत तारखेनिशी छापावे, त्यासाठी दोन पाने राखून ठेवावीत, आणि स्मरणिकेची एक प्रत पेटंट कार्यालयाला व एक मोठ्या वैद्यकीय ग्रंथालयाला पाठवावी. वर्षातून एकदा एखाद्या पेटंट एजंटला बोलावून त्याच्यासमोर उद्यमबागेतील कारागिरांनाही बसवावे. पहिल्या वर्षाच्या तीन अर्जांची सरकारी फी, म्हणजे ४,८०० रुपये, मी देण्यास तयार आहे. कपाटातील ‘सरांचे हत्यार’ घेऊन कोण येतो, याची कार्यवाहांनी नोंद घेण्यास सुरुवात करावी.